आधी कोण हललं

३ फेब्रुवारी

भिंगरी,

आत्या म्हणते, पत्र लिहू नकोस, ती वाचणार नाही. मी म्हटलं, न वाचता फेकायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेवढं पुरे आहे मला.

तुझा पत्ता तुझ्या दवाखान्याच्या पाटीवरून मिळाला, म्हणजे कुणीतरी टाकलेल्या फोटोतल्या पाटीवरून. लोकांचे गुडघे आणि खांदे नीट करतेस म्हणे. चांगलं आहे.

बाबा बरे आहेत. उठतात, दात घासतात, पेपर वाचतात, आत्याशी भांडतात. मध्यंतरी थोडं बरं नव्हतं, काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. झटका होता, पण हातपाय शाबूत, वाचा शाबूत. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग एका सकाळी ते कपात चहा ओतत होते आणि ओततच राहिले. चहा बशीत, टेबलावर, मांडीवर. आत्या ओरडली, "दादा, डोळे आहेत का बटणं?"

"कप अर्धा होता गं," ते म्हणाले. "आणि मग एकदम टेबलच ओलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत. मेंदूच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंना, हालचाल ओळखायची जागा असते, तिथे इजा झाली आहे. चित्रं येतात, पण एकाला दुसरं जोडलं जात नाही. बाबांना चहाची धार पडताना दिसतच नाही. किटलीच्या तोंडाला तपकिरी काच लटकलेली दिसते, बस. मी खोलीत येते तेव्हा आधी दारात असते आणि मग एकदम पलंगापाशी. मधली मी कुठे गेले, हे त्यांना कळत नाही. रस्त्यावर स्कूटर कोपऱ्यावर असते आणि पुढच्या क्षणी नाकासमोर. एकटे बाहेर जात नाहीत आता.

कुणी बोलायला लागलं की ते भिंतीकडे बघतात. म्हणतात, आवाज पुढे जातो आणि तोंड मागे राहतं, त्याने मळमळतं. आत्या म्हणाली, "जन्मभर माझ्याकडे बघून ऐकलं नाहीस. आता डॉक्टरांची चिठ्ठीच मिळाली." ते हसले. भिंतीकडे बघूनच.

तुला हे का लिहितेय? कारण घरात अजून कुणाला याचा अर्थ तुझ्याइतका कळणार नाही. शाळेत खेळ शिकवून उरलेलं सगळं आयुष्य ज्या माणसाने शर्यतीच्या रेषेजवळ पिस्तूल धरून काढलं, आठ जणांत आधी कोण हललं हे नुसत्या नजरेने सांगितलं, त्याला आता कुणीच हलताना दिसत नाही.

तुझं नाव ते काढत नाहीत. मीही काढत नाही. पत्र लिहितेय हेही त्यांना माहीत नाही.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

उत्तर नाही, म्हणजे पत्र पोचलं. तुझा स्वभाव मला अजून पाठ आहे.

मी आता काय काम करते ते तुला माहीत नसेल. विद्यापीठात मानसशास्त्राच्या विभागात तंत्रज्ञ आहे. अंधाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, हनुवटी टेकवायला पट्टी द्यायची, समोर एक फुली आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन छोटे दिवे. दिवे लागतात, माणसाने सांगायचं, आधी कुठला लागला. दिवे मी जोडते, बिघडले तर दुरुस्त करते, येणाऱ्यांना बिस्किटं देते. गंमत अशी की माणसाला नुसतं सांगितलं, डावीकडे लक्ष ठेवा, तर दोन्ही दिवे एकदम लागले तरी त्याला डावा आधी लागलेला दिसतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं दिसतं. ज्याच्यावर जीव लावून बसावं ते मनात आधी पोचतं. फरक अगदी कणभर, पण असतो.

हे ज्या दिवशी पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मला तू आठवली होतीस. तरी मी गप्प बसले होते. काही गोष्टी घरी न्यायच्या नसतात हे मला तेव्हा कळत होतं.

पण गेल्या आठवड्यात मी बाबांची नखं कापत होते आणि ते मधेच म्हणाले, "त्या दिवशी माझी नजर सैल नव्हती."

कुठल्या दिवशी, हे विचारायची गरज नव्हती. तुझ्या निवडीच्या शर्यतीचा नेहमीचा पंच तापाने पडला होता आणि बाबांना बोलावलं होतं. आत्या म्हणाली होती, दादा, पोरीच्या शर्यतीत पिस्तूल धरू नकोस, जिंकली तरी बोलतील, हरली तरी बोलतील. ते म्हणाले होते, मला आठही लेन सारख्या. ते आपल्यालाही तेच शिकवायचे ना, नजर सैल सोडायची, कुणा एकाकडे बघायचं नाही, आठही जणांकडे मिळून बघायचं, मग जो हलतो तो आपोआप टोचतो.

"मी तिच्याकडेच बघत होतो," ते म्हणाले. "लोक म्हणतील मुलगी म्हणून सोडली. म्हणून तिच्या खांद्यावरून नजर हलवली नाही. मी बार काढायच्या आधी तिचा खांदा हलला, असं मला दिसलं."

आणि एवढ्यावर तू बाहेर. पहिल्याच चुकीला बाहेर, हा नियम त्याच वर्षी आला होता.

भिंगरी, मला इतका आनंद झाला की नेलकटर हातातून पडलं. मला वाटलं, या घराची किल्ली माझ्याच खिशात होती. मी त्यांना दिव्यांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, दाखव.

मी त्यांना विभागात घेऊन गेले. आमचे सर वयाने लहान आहेत. त्यांनी बाबांना प्रेमाने बसवलं. "काका, नजर मधल्या फुलीवर. लक्ष मात्र डाव्या दिव्याकडे."

"नजर एकीकडे, लक्ष दुसरीकडे," बाबा म्हणाले. "बायको होती तोवर रोजचा सराव होता."

दिवे जागेवरच लागतात, हलत काही नाही, त्यामुळे त्यांना काही त्रास झाला नाही. ते ठामपणे सांगत गेले. डावा. डावा. डावा. तोच आवाज, मैदानावरचा. शेवटी सरांनी सांगितलं, "काका, बऱ्याचदा दोन्ही एकदमच लागत होते. काही वेळा तर उजवा आधी होता. सगळ्यांचंच असं होतं."

येताना टॅक्सीत त्यांनी डोळे मिटून घेतले होते, रस्ता उड्या मारतो म्हणून. मला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं असेल. तेवढ्यात ते म्हणाले, "म्हणजे मी चुकलो."

"नाही हो बाबा. म्हणजे तुमचा जीव तिच्यात होता."

"पंचाला जीव नसतो," ते म्हणाले.

तुला हे कळावं म्हणून लिहितेय. त्यांनी तुला बाहेर काढलं, कारण त्या क्षणी जगात त्यांना फक्त तू दिसत होतीस. यावर तरी ये.

ताई


६ मार्च

भिंगरी,

मी काय करून बसले ते सांगते.

मी त्यांना औषध म्हणून दिलं ते त्यांना बाधलं. तुझ्यापुरतं थांबलं असतं तर एक वेळ ठीक होतं. आता ते पलंगावर बसून एकेक मूल आठवतात, ज्यांना त्यांनी बाहेर काढलं त्यांतलं. नावं गेली आहेत, पण मुलं आहेत. निळ्या मोज्यांचा. जिची आई कुंपणाला धरून उभी असायची ती. रेषेवर गेल्यावर ज्याला हमखास शिंक यायची तो. "याच्याकडे मी जास्त का बघत होतो?" असं विचारतात. "शिंकेल म्हणून बघत होतो. म्हणजे त्यालाही मी उगाच काढला."

परवा त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता बँकेत आहे, टक्कल पडलंय, सोबत सफरचंदं. बाबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "तुझ्यावर माझ्याकडून अन्याय झाला रे. मला माफ कर."

तो बिचारा माझ्याकडे बघतोय, आत्याकडे बघतोय. शेवटी म्हणाला, "सर, मी गोळाफेकीत होतो."

आत्या स्वयंपाकघरात जाऊन हसली, आणि तिथेच रडली. बाहेर आली तेव्हा मला म्हणाली, "तुझ्या त्या दिव्यांना आग लाव. माझ्या भावाला एकच गोष्ट नीट येत होती."

चाळिशी उलटली तरी मला वाटतं, एखादी गोष्ट समजली की ती सोसवते. समजणं आणि सोसणं यांची आपसात ओळखसुद्धा नसते.

बाबांना तुझी माफी मागायची आहे. मी म्हटलं, सांगा, मी लिहून घेते. ते नको म्हणाले. पंच चुकला तर त्याने खेळाडूसमोर उभं राहून सांगायचं असतं, निरोप पाठवायचा नसतो. दोन दिवस ते आरशासमोर उभं राहून काहीतरी पुटपुटत होते. आरशातला माणूसही मधेच ओठ मिटलेला, मधेच उघडलेला दिसत असणार त्यांना. मग त्यांनी आरशाकडे पाठ केली आणि कपाटाला सांगायला लागले.

ये गं. भांडायला ये. एक दिवस ये. ते कपाटाची माफी मागताहेत, हे मला बघवत नाही.

ताई


२४ मार्च

तुझं उत्तर आलं.

"ते चुकले नव्हते. मी आधी निघाले होते. त्यांना सांगू नकोस."

इतक्या वर्षांनी तीन वाक्यं. मी ती पाटावर बसून वाचली, मग उभी राहून वाचली. त्या संध्याकाळी तू बूट भिंतीवर फेकले होतेस. म्हणाली होतीस, यांना मुलगी नको होती, यांना लोकांची शाबासकी हवी होती. बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मी तुझ्या बाजूने बोलले होते. मोठ्याने बोलले होते. आणि तुझ्या पायांना तेव्हाही ठाऊक होतं.

मला तुझा राग आला. अजून आहे. पण तू तेव्हा किती लहान होतीस हेही मला दिसतं, आणि दोन्ही एकदम दिसलं की माझाच तोल जातो.

सांगू नकोस म्हणालीस. मी सांगितलं. ते बुडत होते, भिंगरी, आणि माझ्या हातात दोर होता.

ते खुर्चीत होते. मी समोर न बसता बाजूला बसले, म्हणजे त्यांना माझ्या तोंडाचा त्रास नको. तुझं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. मग ते ताठ बसले. "खांदाच ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तिने तेवढंच लिहिलंय. "खांदाच होता. डावा," ते म्हणाले. "सैल नजर नव्हती तरी दिसलं बघ." त्यांनी चहा मागितला. आत्याला म्हणाले, साखर घाल, आज चालेल. आत्याने घातली. तो चहा संपेपर्यंत या घरात तो जुना माणूस बसला होता, पांढरी टोपी घालून मैदानावर निघायचा तो.

कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मग ती का आली नाही?"

मी त्यांची बशी उचलली.

"मी चुकलो होतो तोवर मला कळत होतं," ते म्हणाले. "बाप चुकला, पोर रागावली, गेली. यात काही अवघड नव्हतं. पण मी बरोबर होतो, आणि तिला ठाऊक होतं, तर मग ती का नाही आली?"

आत्या उठून आत गेली. मी कप विसळायला घेतले. याचं उत्तर ना सरांकडे आहे, ना माझ्या दिव्यांकडे. ते तुझ्याकडेच आहे. आता तू रागावलेली नाहीस, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. त्यामुळे न येण्याला काही नावच उरलेलं नाही.

ताई


११ एप्रिल

भिंगरी,

तू आत्याला फोन केलास ते बरं केलंस. तिने फोन ठेवल्यावर मला सगळं सांगितलं, तू सांगू नको म्हणालीस तेही सांगितलं. आपल्या घरात गुपित ठेवायला आत्याकडे देणं म्हणजे चाळणीत पाणी ठेवणं.

पहिल्या वर्षी लाज वाटली म्हणून आली नाहीस, आणि मग न आल्याची लाज वाटली. ती वर्षागणिक वाढत गेली. मला हे समजतं. ऐकल्यावर राग थोडा उतरला. पण हे मला किंवा आत्याला सांगून उपयोग नाही.

बाबांना पुन्हा झटका आला, तेही तिने सांगितलंच असेल. आता पलंगावरच आहेत. प्रवासाला तुझे पाय उचलत नसतील तर नको येऊस. रविवारी संध्याकाळी फोन कर. मी त्यांच्या कानाला धरीन. खोलीत दुसरं कुणी नसेल. मीही ऐकणार नाही.

काय बोलायचं याची तयारी करत बसू नकोस. जे येईल ते बोल.

ताई


२ मे

भिंगरी,

तू आलीस, स्मशानात बाबांचं सगळं होईपर्यंत मागे उभी राहिलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. माझ्याशी पाण्याचा ग्लास मागण्यापुरतं बोललीस. मला वाटलं, दुःखाने. काल आत्याने सांगितलं की तू दारात तिला म्हणालीस, "मी फोनवर सगळं सांगितलं, पण ते बोलले नाहीत माझ्याशी. बरोबरच होतं त्यांचं."

म्हणून घाईने लिहितेय. हे तुला फोनवर सांगून चालणार नाही. तू मधेच ठेवून देशील.

दुसऱ्या झटक्यानंतर त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि कळतही होतं. पण कळायला वेळ लागायचा. हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. घरी येणारी नर्स विचारायची, दुखतंय का, आणि ती दुसऱ्या खोलीत पोचली की मागून "नाही" यायचं. आत्या सकाळी विचारायची, भात खाणार का, आणि अंघोळ करून आली की बाबा म्हणायचे, "थोडा." ती म्हणायची, "याचं उत्तर टपालाने येतं." आम्हाला सवय झाली होती. विचारायचं, आणि हातातलं काम चालू ठेवून थांबायचं. सवय झालेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची राहूनच जाते.

त्या रविवारी तुझा फोन आला. मी तो त्यांच्या कानाला घट्ट धरला, तोंड खिडकीकडे फिरवलं. तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, खरंच. फक्त शेवटी शेवटी तुझा श्वास ऐकू येत होता. तू रडत होतीस, हुंदक्यांना जागा पुरत नव्हती. मग ते थांबलं. तू वाट बघत असणार. बाबा छताकडे बघत होते, चेहऱ्यावर काही नाही. मी त्यांना हलवायला हवं होतं, की फोन माझ्या कानाला लावून "थांब जरा" म्हणायला हवं होतं? मी ऐकणार नाही असं तुला लिहिलं होतं, म्हणून मी तसलं काही केलं नाही. आणि तू फोन ठेवलास.

मी फोन टेबलावर ठेवला. चादर नीट केली. औषधाची बाटली हलवून चमच्यात ओतली, त्यांना पाजली, चमचा धुवायला बेसिनपाशी गेले. नळ चालू होता म्हणून पहिल्यांदा मला नीट कळलं नाही. बंद केला तेव्हा ते बोलत होते.

"किती दम लागलाय तिला," ते म्हणाले. "पळून आली बहुतेक."

मी तिथेच उभी राहिले.

"पाणी द्या तिला कुणीतरी."

त्यांच्यासाठी तू अजून फोनवर होतीस, भिंगरी. तुझा श्वास त्यांच्यापर्यंत आत्ता पोचत होता. मी म्हटलं, "देते बाबा." ग्लास भरला, कारण आवाज व्हायला हवा होता, आणि तो टेबलावर ठेवला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. घाई केली नाही. कुणी पाणी पीत असताना आपण जसं थांबतो तसे ते थांबून राहिले, बराच वेळ.

मग म्हणाले, "प्यायली?"

मी म्हटलं, "प्यायली."

ताई